आधी लेकरू जगू दे
"गावाकडच्या बायका इतकी मुलं का होऊ देतात?" असं मीही पूर्वी सहज बोलून जायचे. जामखेडच्या कामाबद्दल वाचलं आणि जीभ आवरली. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. पिण्याचं पाणी, सकस आहार, लसीकरण यांवर भर दिला. गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, शिकवून आरोग्यसेविका केलं. मुलं जगू लागली, तसं कुटुंब नियोजन बायकांना पटू लागलं.

कॉमर्सवाली म्हणून हिशेब मांडते. चारातली दोन जातील अशी धास्ती असेल, तर आई दोनावर कशी थांबेल? म्हणून नसबंदीचे आकडे मोजण्याआधी गावात पाणी, दवाखाना आणि बाईच्या हाती चार पैसे पोहोचू देत. आणि आपणही कुणाची मुलं मोजण्याआधी, तिने किती गमावली असतील याचा विचार करूया.