ट्रॅक मेटलचा, मार्क कशाचे?

यंदाच्या गॅदरिंगमधल्या मॉडेल स्पर्धेच्या नियमांचा मसुदा नोटीस बोर्डावर लागला आहे. त्यात कलम सहा असे : 'रणगाड्याच्या मॉडेलला किटबाहेरचे, वेगळे विकत घेतलेले ट्रॅक बसवले असल्यास पाच गुण जादा.' हरकती महिनाअखेरपर्यंत लेखी द्यायच्या आहेत. ही माझी हरकत समजा. थोडी लांबली आहे, पण जर्नल लिहिण्यापेक्षा वाचायला नक्कीच बरी!

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. प्लॅस्टिकचे रणगाडे बहुतेक १:३५ या प्रमाणात येतात. हे विचित्र प्रमाण कुठल्या स्टँडर्डमध्ये लिहून ठेवलेले नव्हते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून जो आकार ठरला, तो मोजला तर साधारण १:३५ भरला. पुढे सगळ्या जगाने तोच धरला. अशा चालत्या मॉडेलला वळणारा, एकसंध, रबरासारखा पट्टाच लागतो. म्हणजे आज ज्याला आपण 'फालतू रबरबँड' म्हणून नाक मुरडतो, तो त्या कामासाठी अगदी बरोबर निवडलेला भाग होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता बाजारात काय काय मिळते? एक, किटमधला व्हिनाइलचा पट्टा. जुन्यांची टोके गरम स्क्रूड्रायव्हरने दाबून जोडावी लागतात, नव्यांपैकी बरेच साध्या मॉडेलच्या सिमेंटने चिकटतात. दोन, सरळ भाग सलग आणि वळणावरच्या कड्या सुट्या, असे प्लॅस्टिकचे तुकडे. तीन, प्रत्येक कडी सुटी, पण चिकटवायची. चार, सुटी आणि पिन घालून खरोखर हलणारी, जसे जपानच्या मॉडेलकास्टेनचे सेट. पाच, व्हाइट मेटलच्या ओतीव कड्या आणि त्यातून ओवायची तार. यात हंगेरीत बनणारे फ्रिउलमॉडेलचे सेट सगळ्यात गाजलेले. आणि सहावा प्रकार अलीकडचा, थ्री-डी प्रिंट केलेल्या रेझिनच्या कड्या. आपल्या मसुद्यात 'किटबाहेरचे' असा मोघम शब्द आहे, पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे तो पाचवा प्रकार. मेटल! हातात घेतला की खळखळतो, वजन लागते, 'जाम भारी' वाटतो. वाटू दे. प्रश्न वाटण्याचा नाही, गुणांचा आहे.

मेटलच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा मांडतात तो हा की तो वजनाने खऱ्यासारखा लोंबतो. इथे जरा फंडे क्लिअर करू. दोन आधारांवर टांगलेल्या साखळीचा आकार म्हणजे कॅटेनरी. आदर्श साखळी, म्हणजे जिच्या सांध्यांत अजिबात अडथळा नाही अशी, लोखंडाची असो वा प्लॅस्टिकची, लांबी आणि आधारांमधले अंतर तेच असेल तर सारखीच लोंबते. समीकरणातून वजन निघून जाते. मग मॉडेलवरचा प्लॅस्टिकचा ट्रॅक ताठ का राहतो? कारण सांधे आदर्श नसतात. लांबी ३५ पटीने कमी झाली की वजन ३५ चा घन, म्हणजे ४२,८७५ पटीने कमी होते. पण पिनभोवतीचा रंग, ओघळलेला गोंद, छिद्रातली कुसे हे काही ४२,८७५ पटीने कमी होत नाहीत. व्हिनाइलच्या पट्ट्याला तर स्वतःचाच ताठरपणा असतो. व्हाइट मेटलची घनता पॉलिस्टायरीनच्या सातेक पट, म्हणून तो हा अडथळा मोडून काढतो. थोडक्यात, मेटलचे वजन सांध्यातला दोष झाकते. दोष नसेल किंवा दुसऱ्या उपायाने गेला असेल, तर वजनाचे पैसे कशाला मोजायचे?

दुसरा प्रश्न, मुळात लोंबायला हवे का? इथे रणगाडा बघून ठरवावे लागते. रशियन टी-३४ घ्या. वरच्या बाजूला ट्रॅक उचलून धरणारे रोलर नाहीत, ट्रॅक थेट मोठ्या चाकांवर पडलेला असतो आणि चाकांमधल्या फटीत खाली बसतो. ड्राइव्ह मागच्या चाकाला. थिअरी ऑफ मशिन्समध्ये पट्ट्याची टाइट साइड आणि स्लॅक साइड शिकलो ना? गाडी पुढे जाताना मागचे चाक खालची बाजू ओढते, म्हणून वरची बाजू सैल. जर्मन टायगरलाही वरचे रोलर नाहीत, पण ड्राइव्ह पुढे. त्यामुळे पुढे जाताना वरची बाजू ओढली जाते. म्हणजे चालत्या अवस्थेत दाखवलेला टायगर आणि चालत्या अवस्थेतला टी-३४ यांचे ट्रॅक सारखे लोंबायला नकोत! अमेरिकन शर्मनची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या सांध्यांत रबराचे बुश, वर आधाराला रोलर, ड्राइव्ह पुढे. तो ट्रॅक फारसा लोंबतच नाही. शर्मनला मेटलचा सेट लावून वरचा भाग सुट्टीत वाळत घातलेल्या चादरीसारखा सोडला, तर तो महाग असूनही चूक. आणि कलम सहाप्रमाणे त्या चुकीला पाच गुण!

सेंच्युरियनबद्दल तर विचारूच नका. बाजूचे पत्रे लावलेले असले की वरचा ट्रॅक झाकलेलाच. न दिसणाऱ्या कड्यांवर पैसा घालणे म्हणजे परीक्षेत न तपासल्या जाणाऱ्या सप्लिमेंटवर ठळक अक्षरात लिहिणे. ज्यांना हे सगळे डोळ्यांनी बघायचे आहे त्यांना फार लांब जायला नको. अहिल्यानगरचे (पूर्वीचे अहमदनगर) कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे. एसटीने जा, रणगाड्याच्या बाजूला उकिडवे बसा आणि कडी कडीला कशी जोडली आहे ते बघा. दहा रिव्ह्यू वाचून कळत नाही ते तिथे पाच मिनिटांत कळते.

तिसरा मुद्दा मापाचा, आणि आपण इंजिनिअर म्हणवतो तर हा पहिला असायला हवा होता. टी-३४ च्या एका बाजूला ७२ कड्या, पिच १७२ मिलिमीटर. १:३५ मध्ये पिच ४.९१ मिलिमीटर. आता समजा विकतच्या सेटमध्ये पिच फक्त ०.०५ मिलिमीटरने चुकला. डोळ्याला दिसणार नाही, पण ७२ कड्यांत ही चूक ३.६ मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ पाऊण कडी. एक कडी काढली तर तंग, ठेवली तर ढिला. त्यात टी-३४ मध्ये एकाआड एक कडीला आतून शिंग असते आणि मागच्या चाकातले रोलर त्या शिंगांना ढकलतात. पिच चुकला तर शिंग आणि रोलर यांची गाठ पडत नाही. कधी कधी किटचे चाक एका कंपनीचे आणि ट्रॅक दुसऱ्या कंपनीच्या किटवर बेतलेला, मग तर आनंदच. म्हणून सेट घेण्याआधी तो नेमक्या कुठल्या किटसाठी आहे ते बघायचे. हाती आल्यावर दहा कड्या जोडून व्हर्नियरने मोजायच्या. दहा कड्यांचे माप घेऊन दहाने भागले की चूक आपोआप लहान होते, हे पहिल्या वर्षाच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्येच शिकवले आहे.

चौथा मुद्दा नक्षीचा आणि सालाचा. टी-३४ चे सुरुवातीचे ट्रॅक ५५० मिलिमीटर रुंद, नंतरचे ५०० मिलिमीटर रुंद आणि वॉफलसारख्या चौकटीच्या नक्षीचे. टायगरला लढाईसाठी ७२५ मिलिमीटरचा रुंद ट्रॅक आणि रेल्वेने न्यायला ५२० मिलिमीटरचा अरुंद. शर्मनला रबराचेही ट्रॅक होते आणि पोलादाचेही. आता एखाद्याने १९४१ च्या टी-३४ वर नंतरच्या सालातला मेटल ट्रॅक चढवला आणि शेजारच्या टेबलवर कुणी किटमधलाच, पण बरोबर सालाचा पट्टा लावला, तर पाच गुण कोणाला? मसुद्याप्रमाणे पहिल्याला. हे मला पटत नाही.

मेटलला मी शिव्या देतोय असे समजू नका. पिन घातलेला ट्रॅक पूर्ण काढून वेगळा रंगवता येतो, हे फार मोठे सुख आहे. प्रदर्शनात पब्लिक 'फक्त एकदा' म्हणून हात लावते, तेव्हा चिकटवलेल्या कड्या निखळतात आणि मेटलच्या टिकतात. उघड्या बाजूच्या, रोलर नसलेल्या रणगाड्याला तो खरोखर शोभतो. पण किंमत फक्त रुपयांत नसते. टी-३४ च्या दोन्ही बाजूंच्या १४४ कड्या. प्रत्येकीचे छिद्र बारीक ड्रिलने साफ करायचे, तार घालायची, कापायची, टोकाला फेविक्विकचा थेंब सोडायचा, आणि तो थेंब सांध्यात उतरला तर सांधा जाम. मिश्रधातूत शिसेही असू शकते, तेव्हा घासून झाल्यावर हात धुतल्याशिवाय मेसमध्ये जाऊ नये. शिवाय वजनाने पुढच्या चाकाचा आस वाकू शकतो, तो आधी नीट चिकटवून पूर्ण वाळू द्यावा लागतो.

आणि रुपयांचे म्हणाल तर सेटची किंमत पुष्कळदा किटच्या आसपास जाते. त्यावर कुरियर, त्यावर कस्टम ड्यूटी. घरून महिन्याला मोजून पैसे येणाऱ्या मुलाने कुठून आणायचे? बी ब्लॉकमधल्या एका ज्युनिअरने गेल्या वर्षी काय केले ते सांगतो. किटमधल्या सुट्या कड्या पातळ सिमेंटने ओळीत जोडल्या. गोंद अर्धवट ओला असताना ती पट्टी चाकांवर गुंडाळली आणि मडगार्ड व ट्रॅकच्या मध्ये स्पंजचे तुकडे खुपसून रात्रभर ठेवली. सकाळी प्रत्येक दोन चाकांमध्ये ट्रॅक हवा तितका खाली बसलेला. खर्च : जुन्या उशीतला स्पंज. व्हिनाइलचा पट्टा असेल तर आतून चाकांच्या माथ्यावर चिकटवला किंवा बारीक टाचणीने खाली धरला, तरी तेच साधते. (जुन्या व्हिनाइलची एक खोड मात्र सांगायला हवी. त्यातले प्लॅस्टिसायझर वर्षानुवर्षे पॉलिस्टायरीनला चिकटून राहिले तर चाके वितळवते. मध्ये रंगाचा थर नीट हवा.) या पोराच्या कामात कॅटेनरी आहे, गोंद वाळण्याचा वेळ आहे, निरीक्षण आहे. कलम सहा त्याला शून्य देते.

'मग आपल्या लॅबच्या प्रिंटरवर काढा की!' असे म्हणणारेही भेटले. काढा, पण आधी हिशोब करा. फिलामेंटच्या प्रिंटरचा ०.२ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर ७ मिलिमीटरची पायरी. ओतीव पोलादावर तशी पायरी कुठे असते? रेझिनचा प्रिंटर ०.०५ मिलिमीटरचा थर देतो, म्हणजे खऱ्या मापात पावणेदोन मिलिमीटर, ते चालेल. पण रेझिन क्युअर होताना आकसते, म्हणजे पुन्हा पिचचा प्रश्न, आणि बारीक पिना ठिसूळ होतात. ज्याने स्वतः कडी काढली, पाच नमुने छापून आकसण्याचा हिशोब मांडला आणि मग १४४ जमवल्या, त्याला गुण जरूर द्या. पण ते त्या हिशोबाचे द्या.

तेव्हा स्पर्धेचे काम बघणाऱ्या सरांना आणि समितीला माझी सूचना अशी. कलम सहा काढून टाकावे आणि ते पाच गुण असे वाटावेत : ट्रॅक त्या सालाचा आणि त्या रणगाड्याचा आहे का, एक गुण. कड्यांची संख्या आणि ड्राइव्हच्या चाकाशी बसणी, दोन गुण. लोंबणे किंवा तंग असणे त्या यंत्रणेला धरून आहे का, एक गुण. आणि शेवटचा गुण एका प्रश्नाला, 'हाच ट्रॅक का निवडला?' व्हायव्हासारखा समोर उभे करून विचारावा. मेटलवाल्यानेही उत्तर द्यावे, रबरबँडवाल्यानेही. ज्याला सांगता येईल त्याला गुण.

उद्या कंपनीत गेल्यावर बेअरिंग निवडताना कुणी आपल्याला 'सगळ्यात महाग कुठले?' असे विचारणार नाही. लोड किती, वेग किती, किती तास टिकायला हवे, हेच विचारतील. रणगाड्याचा ट्रॅक निवडताना तीच सवय लागते. फुकट लागते आहे, ती बिघडवू नका. कलम सहावर सही करायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, पण हरकतीची शेवटची तारीख चुकवू नका. बाकी फॉर्मची तर आपण दरवर्षी चुकवतोच!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी