मॉलमधली दुकानं जातात कुठे?

मे महिन्याची सुट्टी असो, लग्नाचा बस्ता असो, मुंबईला भावाकडे नाहीतर नणंदेकडे गेलं की मॉलची एक फेरी ठरलेली. आणि तुम्हालाही हा अनुभव आला असेल. मागच्या खेपेला ज्या दुकानातून मुलीचा फ्रॉक घेतला, ते दुकान जागेवर नसतंच! तिथे आता कॉफीचं दुकान, नाहीतर काचेला आतून कागद चिकटवलेला. ‘अगं, इथे तर ते होतं ना?’ असं म्हणत आपण उभ्या, आणि मुलं आधीच सरकत्या जिन्यावर. आपल्या चिपळूणच्या बाजारपेठेत एखादं दुकान बंद झालं तर महिनाभर चर्चा होते. मॉलमध्ये कुणाला पत्ताही लागत नाही. असं का व्हावं?

उत्तर शोधायचं तर हाजीअलीला जायला हवं. १९९९ मध्ये तिथे ‘क्रॉसरोड्स’ नावाचा मॉल उघडला. देशातल्या अगदी पहिल्या मॉलपैकी हा एक. पिरामल समूहाने ताडदेवच्या औषध कारखान्याच्या जागेवर तो उभारला होता. उघडल्यावर बघ्यांची इतकी झुंबड उडाली, की व्यवस्थापनाने एक अजब नियम काढला. क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवा, नाहीतर साठ रुपये भरा आणि मगच आत या. आठवतंय ना, १९९९ मध्ये मोबाइल कुणाकडे होता ते? आलेल्या फोनचेसुद्धा पैसे पडायचे! लोकांनी टीकेची झोड उठवल्यावर तो नियम गेला. पण दुकानात शिरायलाही ऐपत दाखवावी लागते, ही गोष्ट आपल्या लोकांनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली.

आणि एवढ्या दिमाखात उघडलेल्या त्या मॉलचं पुढे काय झालं? काही वर्षांतच तो किशोर बियाणींच्या फ्यूचर समूहाकडे गेला आणि त्याचं नाव ‘सोबो सेंट्रल’ झालं. जुनी दुकानं गेली, नवी आली. तोवर जवळच लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर त्याहून मोठा, त्याहून चकचकीत मॉल फुलला होता. गिऱ्हाईक तिकडे वळलं. २०२० मध्ये टाळेबंदी आली. मार्चमध्ये बंद झालेले राज्यातले मॉल ऑगस्टमध्ये उघडले, तेही सिनेमागृहं आणि खाण्याचे विभाग बंद ठेवूनच. आधीच धापा टाकणाऱ्या मॉलला हे कुठून झेपणार? अखेर २०२४ मध्ये ४७६ कोटींत बँकेचं देणं मिटवलं गेलं आणि जागा के. रहेजा कॉर्पकडे गेली. साठ रुपये भरून ज्याचं दर्शन घ्यायचं, त्या वास्तूची ही पंचवीस वर्षांची कहाणी.

मालकाची दुसरी गोष्ट तर आणखी मोठी आहे. ‘बिग बझार’ याच फ्यूचर समूहाचं. २००१ मध्ये सुरू झालं. २००६ च्या २६ जानेवारीला त्यांनी ‘सबसे सस्ता दिन’ काढला तेव्हा बायाबापड्यांनी तेलाच्या डब्यांसाठी रांगा लावल्या होत्या. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यातल्या कितीतरी जागांचा ताबा रिलायन्सने घेतला, आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घराघरात ठाऊक असलेलं नाव वीस-एकवीस वर्षांत पुसलं गेलं.

आता यामागचं गणित. मॉलमध्ये एक-दोन मोठी दुकानं असतात, कपड्यांचं किंवा किराण्याचं. त्यांना त्या धंद्यात ‘अँकर’ म्हणतात, म्हणजे आपला होडीचा नांगर हो! गर्दी हा नांगर खेचून आणतो, म्हणून मॉलवाला त्याला चौरस फुटामागे कमी भाड्यात जागा देतो. ती कसर भरून निघते छोट्या दुकानांकडून. त्यांचं भाडं चढं, वर विजेचा, एसीचा, लिफ्टचा, झाडलोटीचा सामायिक खर्च. अनेक करारांत तर ठरलेलं भाडं किंवा विक्रीतला टक्का, यातलं जे जास्त असेल ते द्यायचं असतं. धंदा झाला नाही तरी भाडं सुटत नाही. म्हणून छोटा दुकानदार कराराची मुदत संपायची वाट बघतो आणि निघतो. आणि नांगरच उचलला गेला, तर मग होडी कुठे जाईल याचा नेम नाही.

दुसरं कारण साधं आहे. वस्तूच बदलल्या. कॅसेट-सीडीचं दुकान गेलं, ग्रीटिंग कार्डांचं गेलं, रोल धुऊन फोटो काढून देणारा गेला. कपडे, चपला, भांडी तर आता पार्सलने थेट आपल्या दारात येतात, पोफळीतसुद्धा. मग मॉलमध्ये उरणार काय? जे पार्सलने येत नाही ते. खाणंपिणं, मुलांचे खेळ, सिनेमा, केस कापणं. पुढच्या वेळी मॉलमध्ये गेलात तर मोजून बघा, वरचे मजले खाण्याखेळण्यानेच भरलेले दिसतील.

आणि जिथे तेही जमलं नाही तिथे मॉल ओस पडले. नाइट फ्रँक या संस्थेने २०२४ च्या अहवालात मोठ्या आठ शहरांतले असे ओस मॉल मोजले होते. चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असेल तो ओस. २०२२ मध्ये ते ५७ होते, २०२३ मध्ये ६४.

आपल्या पोफळीकरांना हे सगळं ऐकून नवल वाटू नये. इथे मॉल नव्हता, पण नांगर होता. कोयनेची वीज १९६२ मध्ये सुरू झाली, डोंगराच्या पोटातल्या वीजघरातून. मग एकामागून एक टप्पे झाले. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला धरणाच्या तळाशी लेक टॅपिंग झालं, तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष कोयनेकडे होतं. पोफळी, शिरगाव, अलोरे इथल्या वसाहती या कामांच्या जोरावर भरल्या. महिन्याचा ठरलेला पगार हातात पडणारी घरं एका जागी आली, की किराणावाला, शिंपी, सायकलवाला, भाजीवाली आपोआप मागे येतात. पण बांधकाम एक दिवस संपतंच. वीजघर चालवायला बांधण्याइतकी माणसं लागत नाहीत. क्वार्टर्स रिकाम्या झाल्या की आधी शिंप्याचं मशीन थांबतं आणि मग दुकानाची फळी. क्रॉसरोड्सचं जे झालं तेच हे, फक्त एसीशिवाय.

मग चिपळूणची बाजारपेठ कशी टिकून आहे? २२ जुलै २०२१ च्या महापुरात ती अक्षरशः पाण्यात गेली. २००५ च्या जुलैमध्येही गेली होती. दोन्ही वेळा माल सडला, गाळ काढता काढता लोकांचे हात सोलवटले, आणि तरी दुकानं पुन्हा उघडली. माझ्या मते कारण हेच की बाजारपेठेत गल्ल्यावर बसणारा माणूस त्याच गावचा असतो. बऱ्याचदा घर वर आणि दुकान खाली. त्याची उधारीची वही आपल्या घराघरात पसरलेली. त्याला ‘करार संपला, निघालो’ म्हणता येत नाही. याचा अर्थ तो स्वस्त देतो असा मुळीच नाही! भाव पाडून मागताना आपल्या तोंडाला फेस येतो, आणि बदलून द्यायची वेळ आली की त्याच्या कपाळावर आठी. त्या बाबतीत मॉल बरा.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण, आता तालुक्याच्या गावीही कॉम्प्लेक्स उभे राहताहेत आणि ‘गाळा घ्या, भाडं खा’ म्हणून जाहिराती येताहेत. घरातलं माणूस निवृत्त झालं, फंडाचे पैसे आले, की पहिला विचार गाळ्याचा. आणि सहीसाठी कागद आपल्यापुढे. सही करण्याआधी भांडुपचा ‘ड्रीम्स मॉल’ आठवा. त्यात हजारावर गाळे, वेगवेगळ्या मालकांचे. एवढ्या मालकांत कुठल्या मजल्यावर काय असावं हे ठरवणारा एक कुणी नाही, गर्दी आणणारा नांगरही नाही. मॉल ओस पडत गेला. वरच्या मजल्यावर पुढे रुग्णालय आलं, आणि मार्च २०२१ मध्ये मॉलला आग लागली तेव्हा तिथल्या रुग्णांचे बळी गेले. तेव्हा गाळा घेताना महारेराचा नोंदणी क्रमांक तर बघाच, पण आगीच्या वेळी बाहेर पडायचा जिना कुठे आहे, आणि सामायिक खर्च दरमहा किती हेही विचारा. एक गंमत अशी, की घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, २०२१ पासून. ती फक्त राहत्या घराला आहे. गाळ्याला नाही. ‘तुझ्या नावावर घेऊ, स्वस्त पडेल’ असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबवा.

शेवटचा मुद्दा आपल्या मुलींचा. बारावी, बी.कॉम. झालेल्या कितीतरी मुली पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालतात. दिवसभर उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही! केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी यासाठी लढा दिला. तिथे २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आला, तमिळनाडूत २०२१ मध्ये. आपल्याकडे २०१७ चा दुकाने कायदा आहे. त्यात बाईला तिच्या संमतीशिवाय रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात कामाला लावता येत नाही. संमती दिली तरी तिच्या सुरक्षिततेची आणि घरी पोचवण्याची जबाबदारी मालकाची.

पण मालक कोण, हेच अनेक मुलींना ठाऊक नसतं. दुकानावर पाटी एका ब्रँडची असते आणि नेमणूक केलेली असते दुसऱ्याच एजन्सीने. दुकान हलतं तेव्हा व्यवस्थापक म्हणतो एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते दुकानाला. गेल्या दिवाळीत अशीच एक ओळखीची मुलगी दीड महिन्याचा पगार अडकलेला ठेवून घरी आली. तिच्याकडे नेमणुकीचं पत्र नव्हतं. मोबाइलवर आलेले मेसेज तेवढे होते. लेक कामाला लागली की पहिल्याच महिन्यात तिच्याकडून तीन गोष्टी फोटो काढून मागवा. नेमणूकपत्र, पगाराची चिठ्ठी आणि भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन नंबर. दुकान बदललं, एजन्सी बदलली, तरी तो नंबर तिचाच राहतो. आणि चिठ्ठीवर कंपनीचं नाव कुठलं आहे, ते नीट वाचून वहीत लिहून ठेवा.