घोडा सांभाळायचा आणि फिरवायचा भाव : आधी चंदीचा हिशेब, मग सौदा

शहादा : सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीची यात्रा भरली की घोडेबाजाराची चर्चा जिल्हाभर होते. कोणता घोडा किती लाखाला मागितला, कोणाची घोडी रेवाल चालीत पक्की, कोणती वाजंत्रीवर चांगली नाचते, याच्या बातम्या रोज येतात. यात्रा उठली की चर्चा संपते. पण विकत घेतलेला घोडा पुढचे अकरा महिने कोणाच्या तरी दावणीला असतो. तो कोण सांभाळतो, कोण फिरवतो आणि त्या माणसाच्या हातात महिन्याला काय पडतं, याकडे कोणी बघत नाही.

घोडा घेणारा प्रत्येक जण स्वतः घोडा ठेवू शकत नाही. कोणी शहरात राहतो, कोणाचा धंदा आहे, कोणाकडे जागा नाही. मग गावातल्या जाणत्या माणसाकडे घोडा सांभाळायला दिला जातो. शिंगरू असेल तर त्याला लगाम, खोगीर आणि चाल शिकवायचं कामही त्याच माणसाकडे येतं. हा माणूस बहुतेक वेळा अल्पभूधारक शेतकरी किंवा शेतमजूरच असतो. घोड्याचा सौदा दलाल मध्ये बसवून, दात बघून, चालवून होतो. सांभाळण्याचा सौदा मात्र "बघू, तुमचं नुकसान नाही होऊ देणार" एवढ्यावर होतो. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

सगळं मिळून एकच आकडा

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी महिन्याचा एकच आकडा उक्ता ठरतो. त्यात चारा आला, चंदी आली, खरारा आला, शेण काढणं आलं, फिरवणं आलं आणि रात्री पोट दुखलं तर जागणंही आलं. आकडा एकच असल्यामुळे कोणत्या कामाचे किती, हे दोघांपैकी कोणालाच माहीत नसतं. मालकाला वाटतं आपण फार देतोय. सांभाळणाऱ्याला वाटतं आपण मरतोय. दोघंही खोटं बोलत नसतात, हिशेबच कोणी मांडलेला नसतो.

हिशेब काही अवघड नाही. मारवाडी किंवा काठियावाडी जातीचा साधारण साडेतीनशे किलो वजनाचा घोडा धरा. घोड्याला वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडं खाद्य रोज लागतं, म्हणजे सात ते पावणेनऊ किलो. काम करणाऱ्या घोड्याला त्यात दोन किलोच्या आसपास चंदी असते. बाकी कडबा, भुसा आणि लसूणघास. हिरवा चारा पाणीदार असतो, म्हणून तो वजनाला जास्त टाकावा लागतो.

चंदीत हरभरा, जव, कोंडा अशी मिसळ असते. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळी चंदी हरभऱ्याची धरू. २०२५-२६ च्या खरेदी हंगामात हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला ५,६५० रुपये होता. त्या भावाने दोन किलोचे रोज ११३ रुपये होतात. बाजारातून किरकोळ घेतला तर जास्तच पडतात. चारा सरासरी १२ रुपये किलोने सात किलो धरला तर ८४ रुपये. चारा घरच्या शेतातला असला तरी तो फुकट नसतो. तोच कडबा विकला असता तर पैसे आलेच असते.

मजुरीसाठी रोजगार हमीचा दर घेऊ, कारण त्याच्यावर वाद होत नाही. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात तो रोज ३१२ रुपये ठरला. घोड्याचं चारापाणी, साफसफाई, खरारा आणि देखरेख यात दिवसाचे तीन तास जातात. आठ तासांच्या हिशेबाने त्याचे ११७ रुपये. म्हणजे नुसत्या सांभाळण्याचे रोज ३१४ रुपये, महिन्याचे ९,४२० रुपये झाले. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद लागतो. जंताचं औषध, माशांचा बंदोबस्त, वीज, दोर, अंथरायला भुसा हे आहेच. त्याचे महिन्याला ९०० धरले तर १०,३२० रुपये. जागा, छप्पर आणि जोखीम यासाठी दहा टक्के ठेवले की आकडा ११,३५० च्या घरात जातो.

फिरवण्याचं काम वेगळं आहे. ते कसबाचं आहे, घमेलं उचलण्याचं नाही. म्हणून मजुरी दुप्पट धरू. रोज दोन तास, महिन्यात २६ दिवस, याचे ४,०५६ रुपये होतात. दोन्ही मिळून साधारण १५,४०० रुपये. हा सरकारी दर नाही किंवा बाजारभावही नाही. आपापल्या गावातला चाऱ्याचा आणि मजुरीचा भाव टाकून प्रत्येकाने तो पुन्हा मांडावा. महत्त्वाचा आकडा नाही, मांडणी आहे.

कमी भाव कोणाच्या अंगावर जातो

आता समजा, हेच सगळं काम महिना ८,००० रुपये उक्तं ठरलं. चंदी, चारा आणि वरखर्च मिळून ६,८१० रुपये गेले. उरले १,१९०. रोज पाच तास कामाचे ४० रुपये सुद्धा पडत नाहीत. या पैशात कोणी इमानाने काम करेल अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे स्वतःला फसवणं आहे.

मग तीनपैकी एक गोष्ट होते. पहिली, चंदी कमी होते. दोन किलोची एक होते आणि घोडं पाठीवर उतरतं. दुसरी, मालकाला न सांगता घोडा वरातीला जातो. लग्नसराईत दोन-चार वराती केल्या की सांभाळणाऱ्याचा महिना भरतो. तिसरी गोष्ट जास्त वाईट आहे. फिरवणं घाईत उरकलं जातं. अडीच-तीन वर्षांच्या शिंगराला हळूहळू वजन द्यावं लागतं, कारण हाडं आणि सांधे अजून भरलेले नसतात. पैसे उक्ते आणि यात्रा जवळ आली की तेच शिंगरू दोन महिन्यांत तयार करून दाखवायचं असतं. अशा वेळी काटेरी लगाम आणि चाबूक बाहेर निघतात. काटे असलेला लगाम वापरायला १९६५ च्या ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांबाबतच्या नियमांत मनाई आहे. असा तयार केलेला घोडा बाजारात नाचतो, पण पुढच्या मालकाकडे तोंड कठीण करतो, बुजतो, नाहीतर लंगडतो. स्वस्त सांभाळणीचा खरा खर्च तेव्हा निघतो.

मालकाची बाजूही आहे

सगळा दोष मालकावर टाकून चालणार नाही. काही ठिकाणी चंदीचे पूर्ण पैसे घेऊन घोड्याला कोंड्यावर ठेवलं जातं. शिकवण्याचं काम महिन्यावर असेल तर ते मुद्दाम लांबवलं जातं. "अजून कच्चा आहे, अजून दोन महिने" असं सांगत वर्ष निघतं. मालक दूर असला की त्याला काही कळत नाही.

यावर उपाय म्हणजे सांभाळण्याचा पैसा महिन्याने आणि शिकवण्याचा पैसा टप्प्याने. टप्पे कोणालाही डोळ्यांनी दिसतील असे हवेत. लगाम घेतला, हा पहिला. खोगीर आणि स्वार शांतपणे घेतला, हा दुसरा. चालीत स्थिर झाला, हा तिसरा. वाजंत्री, फटाके आणि गर्दीत बुजत नाही, हा चौथा. प्रत्येक टप्प्याला मालकाने येऊन बघायचं आणि त्या टप्प्याचे पैसे द्यायचे. मुदत मात्र जनावराच्या वयावर आणि स्वभावावर सोडायची. ठरल्या तारखेला घोडा तयारच पाहिजे अशी अट घातली की काटेरी लगाम परत येतो.

काही जण महिन्याचे पैसे न देता विक्रीत वाटा देऊ म्हणतात. ऐकायला हे बरं वाटतं. पण यात्रेत घोडा विकला गेला नाही तर वर्षाची मेहनत पाण्यात जाते, आणि चारा तर सांभाळणाऱ्याच्याच घरचा गेलेला असतो. वाटा द्यायचाच असेल तर तो मजुरीच्या वर द्यावा, मजुरीच्या बदल्यात नाही. पावसाळ्यात वराती नसतात म्हणून दर कमी करा, हेही कानावर येतं. वराती थांबल्या तरी घोड्याचं पोट थांबत नाही.

कायदा जुना, पण उपयोगाचा

दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली तर काय, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्यात दिलेलं आहे. त्या काळी घोडा रोजच्या वापरातला होता, म्हणून कायद्यातली उदाहरणंही घोड्याचीच आहेत. घोडा खोडीचा आहे हे माहीत असून मालकाने सांगितलं नाही आणि घोड्याने पाडलं, तर नुकसानभरपाई मालकाला द्यावी लागते, असं कलम १५० च्या उदाहरणात आहे. कलम १५४ उलट बाजूचं आहे. स्वतः बसण्यासाठी घेतलेला घोडा दुसऱ्याला बसायला दिला आणि घोडा पडून जखमी झाला, तर जपून चालवला होता असं सांगूनही सुटका नाही. न विचारता वरातीला घोडा पाठवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

कलम १५१ प्रमाणे, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी सांभाळणाऱ्याने घ्यायची असते. कलम १६३ मध्ये गाईचं उदाहरण आहे. सांभाळायला दिलेली गाय व्याली तर वासरूही मालकाचंच. घोडीच्या शिंगराला तोच न्याय, वेगळं ठरलं नसेल तर. आणि कलम १७० प्रमाणे कसब आणि मेहनत लावून काम पूर्ण केलं असेल, तर त्याचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवता येते. हे कलम कसबाच्या कामासाठी आहे. म्हणून फिरवण्याचा दर सांभाळण्याच्या दरापासून वेगळा लिहिलेला असणं सांभाळणाऱ्याच्याच फायद्याचं आहे.

सरकारचं धोरणही इथे दुटप्पी दिसतं. जनावरं पाळण्याशी संबंधित सेवांना जीएसटीतून सूट आहे, पण त्यातून घोडापालन स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. म्हणजे कराच्या वहीत घोडा हा हौसेचा विषय. वर्षाला २० लाखांच्या खाली उलाढाल असलेल्या गावातल्या माणसाला याची झळ बसत नाही, ही गोष्ट वेगळी. दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या उद्योगासाठी ५० टक्के, कमाल ५० लाखांपर्यंत अनुदान मंजूर झालं. म्हणजे अनुदानाच्या वहीत घोडा हा धंदा. धंदा असेल तर त्यात राबणाऱ्याची मजुरीही कुठेतरी मोजली गेली पाहिजे.

एका कागदावर काय लिहावं

वकिलाकडे जायची गरज नाही. साध्या कागदावर दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. त्यात पुढच्या गोष्टी असाव्यात :

– घोड्याचं वय, रंग, खुणा, आधीचा आजार आणि खोडी. सोबत चारही बाजूंचे फोटो.
– चंदी किती किलो, कशाची आणि कोण आणणार. मालकाने चंदी स्वतः पोचवली तर निम्मा संशय तिथेच मिटतो.
– सांभाळण्याचा महिन्याचा दर आणि तो कोणत्या तारखेला मिळणार. हरभरा आणि कडबा महागला तर दर कधी बदलायचा.
– शिकवण्याचे टप्पे आणि प्रत्येकाचे पैसे.
– वरातीला किंवा शर्यतीला न्यायचं का. नेलं तर उत्पन्नाची वाटणी कशी.
– नालबंद, धनुर्वाताचं इंजेक्शन, बाजारात नेण्याआधीची ग्लँडर्सची तपासणी आणि डॉक्टर यांचा खर्च कोणाचा.
– रात्री पोटशूळ उठला आणि मालकाचा फोन लागला नाही तर किती रकमेपर्यंत खर्च न विचारता करायचा.
– विम्याचा हप्ता कोणाचा. घोडा दगावला तर पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय दोष कोणावर टाकायचा नाही.

पुढचं पाऊल बाजार भरवणाऱ्यांनी आणि ग्रामपंचायतीने उचलायला हवं. यात्रेत घोड्याच्या खरेदीची पावती होतेच. त्या पावतीबरोबर असा एक कोरा करारनामा दिला, आणि त्या वर्षीचा हरभऱ्याचा, कडब्याचा आणि मजुरीचा भाव फळ्यावर लिहिला, तर खर्च काही येत नाही. सांभाळणाऱ्यांनीही एकमेकांचा दर पाडून घोडे ओढणं थांबवलं पाहिजे. हजार रुपये कमी सांगून घोडा दावणीला येतो खरा, पण ते हजार रुपये शेवटी त्याच्या तोबऱ्यातूनच निघतात.