तारीख आधी कळते, तयारी मागाहून का?

विंडोज १० या संगणकप्रणालीला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ही तारीख काही अचानक उगवली नव्हती. प्रणाली २०१५ साली आली तेव्हाच ती ठरलेली होती. दहा वर्षे हाताशी असूनही आपली दुकाने, लघुउद्योग, पतपेढ्या आणि मंडळे ऐन वेळी धावपळ करणार असतील, तर यालाच तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात.

आधार संपला म्हणून संगणक बंद पडत नाही, आणि घात होतो तो इथेच. बिले निघत राहतात, पण प्रणालीत नव्याने सापडणारी छिद्रे कोणी बुजवत नाही. मोठ्यांचीही यात फसगत झाली आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला होता. तरीही जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून एटीएम यंत्रांवरील कालबाह्य प्रणाली बदलण्याचे टप्पे बँकांना ठरवून द्यावे लागले: सप्टेंबर २०१८ पर्यंत पाव यंत्रे, जून २०१९ पर्यंत सर्व. बँकांची ही कथा, तर मकरपुरा जीआयडीसीतल्या लहान कारखान्याने काय म्हणावे?

आमच्या मते खरा धोका प्रणालीपेक्षा तिच्यावर चालणाऱ्या जुन्या कार्यक्रमांत आहे. नव्वदच्या दशकात हिशेबाचे अनेक कार्यक्रम फॉक्सप्रोमध्ये लिहिले गेले. नवी आवृत्ती निघणार नाही हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच सांगितले आणि जानेवारी २०१५ मध्ये आधारही संपला. कार्यक्रम लिहिणारा मुलगा परदेशी गेला किंवा निवृत्त झाला, की त्यातले कोडे सोडवायचे कोणी? मंडळांची अडचण वेगळीच. सभासदांच्या याद्या आणि स्मरणिका श्री-लिपी, आकृतीसारख्या जुन्या टंकांत आहेत. तो टंक नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. जुने यंत्र चालू आहे तोवरच हा मजकूर युनिकोडमध्ये आणला पाहिजे.

“चालतंय ना, मग खर्च कशाला?” हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. प्रत्येक नवी आवृत्ती घ्यावी असे आम्हीही म्हणत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते, त्यामुळे धडधाकट यंत्रे मोडीत निघतात, ही तक्रारही रास्त आहे. पैसे भरून संस्थांना तीन वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळते, पण तिचा दर दरवर्षी दुप्पट होतो. त्या मुदतीत बदलाचे काम सुरू केले नाही, तर पैसेही गेले आणि अडचणही कायम.

करायचे काय? कोणता कार्यक्रम कोणत्या यंत्रावर चालतो, कोणी दिला आणि त्याचा आधार कधी संपतो, याची एकपानी यादी करावी. इमारतीसाठी दुरुस्तीनिधी ठेवतो तशी संगणकासाठी दरसाल रक्कम बाजूला काढावी आणि हा विषय वार्षिक सभेपुढे ठेवावा. बदल मार्चअखेर किंवा विवरणपत्रांच्या दिवसांत करू नये. एखाद्या निवांत महिन्यात जुना व नवा कार्यक्रम सोबत चालवून दोन्हींचे आकडे ताडून पाहावेत. नुसती बॅकअप घेऊन थांबू नये, ती दुसऱ्या यंत्रावर उघडते का हेही पाहावे.

याच बडोद्यात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकरांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी उभी राहिली. देशातील नागरी सहकाराचा आरंभ तिच्यापासून मानतात. सहकार चालतो तो वहीवरच्या विश्वासावर. ती वही आता संगणकात गेली आहे, म्हणून तिची राखण हे तंत्रज्ञाचे नव्हे, कार्यकारिणीचे काम आहे.

हीच कसोटी महापालिकेलाही लावली पाहिजे. आपला घरपट्टीचा हिशेब आणि जन्ममृत्यूच्या नोंदी तिच्याकडे आहेत. मते मागायला समा भागात उमेदवार येतील तेव्हा रस्ते-पाण्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: पालिकेच्या संगणकांची मुदत कधी संपते आणि त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद किती? मात्र तो विचारण्याआधी आपापल्या मंडळाची यादी तयार असू द्या.