पार्टीतलं हॅम-चीज सँडविच : भीती नको, सवयही नको

पाव आडवा कापायचा, मध्ये हॅम आणि चीज ठेवायचं, वरून मोहरीचा सॉस घातलेलं लोणी लावून ओव्हनमध्ये भाजायचं. पार्टीसाठी सोपा पदार्थ! पण हॅम म्हटलं की काही जण विचारतात, “ते सिगारेटइतकंच वाईट ना?”

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं, हे खरं. पण हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. रोज 50 ग्रॅम असं मांस खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा मूळ धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. यातला ‘रोज’ हा शब्द विसरू नका.

म्हणून माझं मत असं : वाढदिवसाला एखादं सँडविच जरूर खा. मात्र उरलेलं हॅम संपवायला मुलांच्या डब्यात रोज देऊ नका. तिथे घरी शिजवलेलं चिकन किंवा अंडं चांगलं.

सँडविच करताना वरून मीठ घालू नका; हॅम, चीज, सॉस सगळंच खारट असतं. दिवसाला एकूण मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी हवं. भाजलेली सँडविचेस दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. गर्भवतींनी हॅम थंड खाऊ नये. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजमध्येही वाढतो, त्यामुळे वाफ येईपर्यंत गरम केलेलंच खावं.