१२० तास आणि तारकर्लीचा हंगाम

१९९४चा विद्यापीठ कायदा रद्द होऊन ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ हा १ मार्च २०१७पासून अंमलात आला, तेव्हा संलग्नता, इरादापत्र आणि पंचवार्षिक बृहत् आराखडा या परिचित दफ्तरी चौकटीतच कौशल्यविकास महाविद्यालयांना स्वायत्तता देण्याची जी तरतूद झाली, तिची आपल्या प्राचार्यवर्गाने म्हणावी तशी दखल घेतली नाही. संलग्नतेच्या वार्षिक तपासणीची धावपळ ज्याने केली आहे, तो त्यांना दोष देणार नाही. पुढे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांतही नवा आराखडा आला आणि पदवीच्या सहाव्या सत्रात चार श्रेयांकांचे, म्हणजे १२० तासांचे, कार्यप्रशिक्षण समाविष्ट झाले.

आता तारकर्लीचा किनारा पाहावा. पहाटे वडीलधाऱ्यांबरोबर रापण ओढणारा मुलगा दहाच्या सुमारास पर्यटकाच्या पाठीवर हवेची टाकी चढवतो, दाबमापकावर नजर टाकतो आणि पाण्यात उतरताना घाबरलेल्या त्या अनोळखी माणसाचा हात पृष्ठभागावर परत येईपर्यंत सोडत नाही. असे १२० तास त्याचे दिवाळीच्या सुटीतच भरतात. परंतु सहावे सत्र पडते जानेवारीनंतर, त्याची परीक्षा येते उन्हाळी गर्दीच्या तोंडावर, आणि पावसाळ्यात, जेव्हा त्याला सवड असते, तेव्हा जलक्रीडाच बंद असतात. मे २०२२मध्ये याच किनाऱ्यावर पर्यटकांना घेऊन परतणारी बोट उलटून दोघांचे प्राण गेले, हे आठवले म्हणजे या प्रशिक्षणाला उपजीविकेपुरते मानणे किती अपुरे आहे, ते कळते.

शिवाय दाखला द्यायचा कोणी? वारा फिरताच होडी माघारी वळवावी, हे ज्या तांडेलाने त्या मुलाला शिकवले, त्याच्यापाशी पदवी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये औपचारिक पदवीची अट न घालता अनुभवी व्यावसायिकांना अध्यापनासाठी नेमण्याची मुभा दिली खरी. पण ती मुभा आमच्या मते बड्या कंपन्यांतील निवृत्त अधिकाऱ्यांपुरतीच उरण्याचा संभव अधिक.

२०२४-२५मध्ये प्रवेश घेतलेल्यांचे सहावे सत्र २०२७च्या आरंभी येते. तत्पूर्वी, किनाऱ्यावरील महाविद्यालयांनी आपापल्या अभ्यासमंडळापुढे दोनच ठराव मांडावेत, अशी आमची विनंती आहे: कार्यप्रशिक्षणाचे तास ऑक्टोबर ते मे या हंगामात केव्हाही भरण्याची सवलत असावी, आणि मूल्यमापनपत्रावर प्राध्यापकाच्या सहीशेजारी तांडेलाच्या सहीसाठी एक रकाना छापावा.