आलं का?

माझ्या पाहण्यातला पहिला रिमोट कंट्रोल म्हणजे मी स्वतः.

गोष्ट १९८८-८९ सालची. आम्ही तेव्हा नाशिक रोडला राहत होतो. वडील ‘प्रेस’मध्ये नोकरीला होते. नाशिककरांना ‘प्रेस’ एवढे म्हटले की पुरते. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, की नोटा आणि टपालाची तिकिटे छापणारी सरकारी मुद्रणालये आमच्या नाशिक रोडला आहेत. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. त्या काळी रविवारी सकाळी ‘महाभारत’ लागे, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर आमच्या संचाच्या पडद्यावर मुंग्यांचे वारूळ फुटे. मग अप्पांची आज्ञा होई, “गच्चीवर जा रे!”

मी गच्चीवर जाऊन अँटेनाचा दांडा धरी. आई खिडकीत उभी राही आणि अप्पा संचासमोर. मी ओरडे, “आलं का?” आई आत वळून विचारी, “आलं का?” अप्पा म्हणत, “नाही.” आई वर सांगे, “नाही!” मी दांडा किंचित फिरवी. “आता?” “आलं होतं, गेलं!” असे करता करता एकदा “आलं! आलं! हात लावू नकोस!” असा तिघांचा जयघोष होई, आणि मी धावत खाली येईपर्यंत अर्जुनाचा बाण सुटून गेलेला असे. संचाचा आवाज कमी-जास्त करणे आणि बटण बंद करणे हीही कामे माझ्याकडेच होती. बसल्या जागेवरून हुकूम सोडावा आणि दूरचे यंत्र हलावे, यालाच जर रिमोट कंट्रोल म्हणत असतील, तर माझ्यात काय उणे होते?

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे यंदाच्या जूनमध्ये आमच्या घरी आलेली एक काळी डबी.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचे कुटुंब ठाऊक आहेच. अप्पा आता ऐंशी ओलांडून पुढे गेले आहेत. आई गेल्याला चार वर्षे झाली. अप्पांचे गुडघे धरले आहेत आणि उजवा हात कापतो. त्यांच्या खोलीत कन्येचा जुना कॉम्प्युटर ठेवला आहे. त्याला एक मोठा पडदा आणि दोन कर्णे जोडून तिने त्यात नाट्यसंगीताचा भरणा करून दिला. वसंतराव कानेटकर आमच्या नाशिकचे, आणि त्यांच्या ‘मत्स्यगंधा’ या १९६४ सालच्या नाटकाला अभिषेकीबुवांनी दिलेल्या चाली म्हणजे अप्पांचा प्राण. संध्याकाळी सातला त्यांची मैफल सुरू होते.

अडचण एकच होती. तो जो ‘माऊस’ नावाचा प्राणी आहे, त्याला स्थिर हात लागतो. अप्पांनी हात ठेवला की पडद्यावरचा बाण उंदीर मांजराला पाहून पळावा तसा पळे. मग हाक येई, “अरे, जरा पुढचं लाव!” दहा मिनिटांनी, “सूनबाई, आवाज थोडा कमी कर गं!” एका संध्याकाळी सौ.ने मोजले, पंधरा हाका झाल्या. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. एका विद्यार्थ्याला तेवढ्या धावपळीत दोनदा गुण दिले गेले. तेव्हा मी ठरवले, की कॉम्प्युटरला रिमोट आणायचा.

आता रिमोटला मराठीत ‘दूरनियंत्रक’ असा शब्द आहे. तो मी वर्गात वापरतो, घरात वापरून पाहिला, तेव्हा चिरंजीवांनी, “कोण येणार आहेत?” असे विचारले. तेव्हापासून मीही रिमोटच म्हणतो.

महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने प्रथम एक उंची माल दाखवला. तो हातात धरून हवेत हलवला की पडद्यावरचा बाण हलतो. मी म्हटले, “ज्यांच्यासाठी न्यायचा त्यांचा हात कापतो.” तो गृहस्थ समंजस निघाला. त्याने तो परत ठेवला आणि साधा, मोठ्या बटणांचा काढून दिला. त्यासोबत नखाएवढे एक चिमुकले यंत्र होते. ते कॉम्प्युटरच्या खोबणीत बसवायचे, की झाले.

घरी आणून बसवले. आता रिमोट जिवंत आहे की नाही हे पाहण्याची एक युक्ती मी वर्तमानपत्रात वाचली होती. रिमोटचे तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचे. डोळ्यांना न दिसणारा ठिपका कॅमेऱ्यात चमकताना दिसतो. दूरदर्शन संचाचा रिमोट धरला, तो चमकला. नवा धरला, तर अंधार. “फसवलं त्या माणसानं!” असे मी जाहीर करून टाकले आणि पावती शोधू लागलो.

कन्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, “बाबा, तो प्रकाशावर चालतो आणि हा रेडिओच्या लहरींवर. हा चमकणार कसा?”

मग तिने मला शिकवणी दिली. दूरदर्शनचा रिमोट अवरक्त प्रकाश फेकतो. तो प्रकाशच असल्यामुळे मध्ये माणूस उभा राहिला की अडतो, आणि संचाकडे नेम धरावा लागतो. हा नवा रिमोट मात्र बिनतारी लहरी सोडतो. त्या उशीखालून, पांघरुणाआडून जातात. नेम धरावा लागत नाही, फक्त साधारण दहा मीटरच्या आत असले म्हणजे झाले. आणि मौज अशी, की कॉम्प्युटरला हा रिमोट आहे याचा पत्ताच नसतो. ते नखाएवढे यंत्र त्याला सांगते, ‘मी कळफलक आहे.’ इकडे अप्पा बटण दाबतात आणि तिकडे कॉम्प्युटर समजतो, की कोणीतरी समोर बसून कळ दाबत आहे.

त्या रात्री कुतूहल म्हणून मी थोडे वाचन केले. बिनतारी लहरी भिंतीतून पार करून पलीकडची घंटा वाजवून दाखवण्याचा प्रयोग आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात केला होता. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कला पाण्याच्या हौदात एक छोटी होडी दुरून चालवून दाखवली. घरगुती रिमोट मात्र अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीचा. १९५० सालच्या पहिल्या रिमोटला लांबलचक तार होती. तिला आळशी माणसाला शोभेलसे नाव दिले होते आणि लोक तीत पाय अडकून पडत. १९५५ साली युजीन पॉली याने प्रकाशाच्या झोतावर चालणारा बिनतारी रिमोट केला. पण खिडकीतून ऊन आले की संच आपल्या मनाने वाहिन्या बदलू लागे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर याने त्यावर तोड काढली. बटण दाबले की आत एक हातोडी ॲल्युमिनियमच्या लहानशा कांडीवर पडे आणि माणसाला ऐकू न येणारा नाद निघे. तो संच ऐके. त्या रिमोटला सेलच लागत नसे! सेल न लागणारा रिमोट! या गोष्टीचे मोल मला तेव्हा कळले नव्हते.

पहिल्या दिवशी अप्पांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली. प्रेसमधला माणूस, प्रत्येक वस्तू तपासून घ्यायची सवय. कन्येने हव्या त्या चार बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या होत्या. हिरवी दाबली, ‘मत्स्यगंधा’ सुरू. लाल दाबली, बंद. अप्पा लहान मुलासारखे हसले. म्हणाले, “आता तुम्हा कोणाला त्रास नाही.”

आणि खरोखर त्रास संपला. हाका बंद झाल्या. सौ.चा स्वयंपाक अखंड होऊ लागला, चिरंजीवांचा अभ्यास (निदान तसे तो म्हणतो) आणि माझ्या उत्तरपत्रिका. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी अभिमानाने अप्पांची खोली दाखवी. एका स्नेह्याने तर आपल्या आईसाठी तसलाच रिमोट नेला.

श्रावणातली गोष्ट. बाहेर पावसाची झड लागली होती. रात्री आठच्या सुमारास मी अप्पांना औषधाची गोळी द्यायला गेलो. एरवी हे काम सौ. करते, त्या दिवशी ती माहेरी गेली होती. खोलीत दिवा होता, पडदा काळा होता. अप्पा खुर्चीत जागे बसलेले, हातात डबी.

“आज गाणी नाहीत?” मी विचारले.

“परवापासून लागत नाही रे,” ते म्हणाले. “मी दाबून पाहतो मधून मधून.”

डबीच्या पाठीतले दोन बारीक सेल संपले होते. एवढेच! घड्याळातले दोन काढून घातले आणि हिरवी टिकली दाबली. गाणे सुरू झाले.

“अप्पा, मग हाक का नाही मारलीत?”

ते थोडे घुटमळले. म्हणाले, “तुम्ही एवढी वस्तू आणून दिलीत. ती हातात असताना पुन्हा हाक कशी मारायची, असं वाटलं.”

मी काही बोललो नाही. तीन संध्याकाळी त्या खोलीतून गाणे ऐकू आले नव्हते, आणि घरातल्या चौघांपैकी एकाच्याही ते ध्यानात आले नव्हते. जेवणाचे ताट जात होते, चहा जात होता. गोळीही वेळेवर पोहोचत होती. पण ‘अप्पा, आज गाणे कसे नाही?’ हे विचारायला कोणी थांबले नव्हते. शांतता आहे म्हणजे सारे ठीक आहे, असे आम्ही धरून चाललो होतो.

मग त्या पंधरा हाकांचा हिशेब माझ्या डोळ्यांसमोर नव्याने आला. प्रत्येक हाकेला कोणी ना कोणी त्या खोलीत जात होते. गाणे लावता लावता अप्पा सांगत, हे नाटक तुझ्या आईबरोबर कुठे पाहिले, कोणत्या अंकात दिवे गेले. चिरंजीव गेला तर त्याच्या हातावर खडीसाखर पडे. आम्ही समजत होतो, की अप्पांना पुढचे गाणे हवे आहे. तेही हवे होतेच. पण त्या निमित्ताने दिवसातून पंधरा वेळा त्यांचे दार उघडत होते, आणि ते दार मी माझ्या सोयीसाठी बंद करून आलो होतो, वर त्याचे कौतुकही करवून घेत होतो.

रिमोटचा यात काही दोष नाही. ज्याचे हातपाय चालत नाहीत, त्याला आपले गाणे आपण लावता येणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. दर वेळी दुसऱ्याची विनवणी करण्यातही एक लाचारी असते. म्हणून रिमोट राहिला. बारीक सेलांची चार जोडांची पुडी त्यांच्या टेबलाच्या खणात आली. आणि सातला, उत्तरपत्रिका असोत वा नसोत, मी त्या खोलीत जाऊन बसू लागलो. बटण तेच दाबतात. मी नुसता ऐकतो.

नवरात्रापूर्वी घराची साफसफाई झाली. कॉम्प्युटरचा डबा हलवला गेला आणि ते नखाएवढे यंत्र मागच्या बाजूला, निळ्या रंगाच्या खोबणीत बसवले गेले. शेजारीच गाण्यांची पेटी, म्हणजे कन्येची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. संध्याकाळी रिमोट अडखळू लागला. तीनदा दाबावे तेव्हा एकदा ऐके. नवे सेल घातले तरी तेच. कन्येने सांगितले, की या निळ्या खोबणीतून वेगाने माहिती जात असताना जो गोंगाट होतो, तो नेमका या रिमोटच्याच लहरींत मिसळतो. इंटेल कंपनीने २०१२ सालीच हे लिहून ठेवले आहे. उपाय साधा. हातभर वायर लावून ते यंत्र तिथून दूर न्यायचे.

वायर घेऊन मी टेबलाखाली शिरलो. अप्पा खुर्चीत, हातात डबी. मी यंत्र थोडे उजवीकडे सरकवले आणि माझ्या तोंडून आपसूक गेले, “आलं का?”

“नाही.”

थोडे पुढे सरकवले. “आता?”

“अजून नाही. जरा डावीकडे घे.”

टेबलाखालून मला गाणे स्वच्छ ऐकू येत होते. एक संपून दुसरे लागले, मग अप्पांनी तेही बदलले, आवाज वाढवला, कमी केला. डबी उत्तम चालली होती. मी काही बोललो नाही. यंत्र डावीकडे घेतले, पुन्हा उजवीकडे आणले.

“आता आलं का, अप्पा?”

“नाही रे. तू राहा तिथेच जरा,” अप्पा म्हणाले. “येईल.”